लो-कार्ब, म्हणजे उपासच

दत्तप्रसाद तिरोडकरांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. कुवेत सिटीतल्या एका कंपनीत ते इंटर्नल ऑडिटर होते, म्हणजे पोट आकड्यांवरच चालत होतं, पण विश्वास नव्हता. आकडा कोणीतरी लिहिलेला असतो, आणि जो लिहितो त्याला काहीतरी दाखवायचं असतं किंवा लपवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. ताळेबंद समोर आला की ते तो पालथा घालत आणि शांतपणे सांगत, "हे राहू द्या. व्हाउचरं आणा." या एका वाक्यामुळे ऑफिसातले कॅशियर त्यांना लांबून पाहिलं तरी पाणी प्यायच्या निमित्तानं उठत.

अशा माणसाला त्याच्या रक्तातल्या साखरेचा आकडा सांगून काय उपयोग? पण सबाह अल-सालेमच्या सरकारी दवाखान्यातल्या इजिप्शियन डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. २००४ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी तिरोडकरांना समोर बसवून गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगितली. तिरोडकरांनी विचारलं, "सॅम्पल कोणी घेतलं? बाटली अदलाबदल होऊ शकते का?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर तिरोडकर, साखर तुमचीच आहे."

मग त्यांनी उपाय सांगायला घेतला. सध्या लो-कार्ब म्हणून जो आहार सगळीकडे चालू आहे, तो धरा. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत त्या सांगू लागल्या. ब्रेड आणि खुबूस, म्हणजे तिथली रोटी, बंद, भात बंद, पास्ता बंद, डाळी-कडधान्यं बंद. चौथ्या बोटाशी टेबलावरचा फोन वाजला. फोनवर बरंच काही अरबीत झालं, पुढचा पेशंट आत आला, आणि पाचवं बोट उघडंच राहिलं. त्या बोटावर बटाटा होता, हे पुढे कळलं. जाता जाता बाईंनी एवढं मात्र बजावलं की बाजारात आता लो-कार्बचे खोके आलेत, घ्यायला हरकत नाही, पण त्यात काय काय घातलंय ते वाचून घ्या. तीन महिन्यांनी परत या. साखर उतरली नाही तर इन्सुलिन.

शेजारच्या खुर्चीवर तिरोडकरांची बायको कुसुम बसली होती. तिनं गाडीत बसल्यावर पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "माझ्या वडिलांचे डोळे याच साखरेनं गेले. शेवटची वर्षं मी त्यांना हाताला धरून परसाकडे नेत होते. तुम्हाला मी नेणार नाही. सांगून ठेवते."

तिरोडकरांना सुईची भीती होती, आणि ती मोठी होती. पण बायकोचा तो आवाज ऐकल्यावर सुई जरा मागे सरकली. कुसुम घाबरलेली त्यांनी फार वेळा पाहिली नव्हती. कुडाळकडची बाई, वेळ आली तर वाघालाही पाट मांडून बसवील. ती घाबरली म्हणजे प्रकरण गंभीर.

घरी येऊन कुसुमनं कुकर लावायला घेतला, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. गहू नको. तांदूळ नको. डाळ नको, कडधान्य नको. तिनं हे दोनदा मनाशी म्हटलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला.

"अहो," ती म्हणाली, "हा तर उपास."

हे वाक्य ऐकून तिरोडकरांना किती हायसं वाटलं म्हणून सांगू. एखादी किचकट फाइल वर्षानुवर्षं मुरलेल्या माणसाच्या टेबलावर जाऊन पडावी तसं झालं. कारण उपासाच्या बाबतीत अख्ख्या कुवेतच्या मराठी मंडळींत कुसुमचा शब्द शेवटचा होता. संकष्टी, एकादशी, सोमवार, श्रावण, नवरात्र, सगळं तिला मुखोद्गत. कोणाच्या घरी नवी भाजी आली, कोणाच्या नणंदेनं शंका काढली, की फोन इथे यायचा. चालतं की नाही चालत, एवढंच विचारायचं. कुसुम एका शब्दात निकाल द्यायची, आणि त्यावर अपील नव्हतं.

"साबुदाणा?" तिरोडकरांनी आवाज होईल तितका तटस्थ ठेवून विचारलं. साबुदाण्याची खिचडी हा त्यांचा हळवा कोपरा होता.

"साबुदाणा म्हणजे काय? कंद. धान्य आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

त्या दिवशी खिचडी झाली. दुसऱ्या दिवशी रताळ्याचा कीस. तिसऱ्या दिवशी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि बटाट्याची भाजी. आजारपण इतकं रुचकर असतं हे तिरोडकरांना आधी कोणी सांगितलं नव्हतं, नाहीतर ते लवकर आजारी पडले असते.

पण डॉक्टरीणबाईंनी लो-कार्बचे खोके सांगितले होते, आणि तिरोडकर सांगितलेलं काम टाळणारे नव्हते. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दोघं घराजवळच्या जमियात गेली. जमिया म्हणजे तिथली सहकारी बाजारपेठ. वस्तीवस्तीला एक असते. एका कोपऱ्यात दोन मांडण्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर लो-कार्बचा माल, दुसरीवर गव्हाचं वावडं असणाऱ्यांसाठीचा बिनगव्हाचा माल. दोन्हींवरचे खोके सारखेच महाग आणि सारखेच आजारी दिसत होते.

अडचण अशी की परदेशी मालावर अरबीत माहिती असलेलं स्टिकर लावलेलं असतं, आणि ते नेमकं आतल्या जिनसांच्या यादीवर बसलेलं होतं. पौष्टिकतेचा तक्ता मोकळा होता. प्रथिनं किती, कार्बोहायड्रेट किती, सगळं स्वच्छ छापलेलं. पण ते आकडे. तिरोडकरांनी खोका पालथा घातला.

"हे कंपनीनंच लिहिलंय," ते म्हणाले. "याला काय अर्थ आहे? आत काय गेलंय ते पाहायला पाहिजे. व्हाउचर पाहायला पाहिजे."

आणि त्यांनी अंगठ्याच्या नखानं स्टिकर सोलायला सुरुवात केली. खाडाखोड केलेल्या चेकवरचा कागद ते ज्या नजाकतीनं उचलत, त्याच नजाकतीनं. एक खोका सोलला, कुसुमनं वाचलं. "सोयाबीनचं पीठ. कडधान्य. नाही चालत." दुसरा सोलला. "गव्हातलं ग्लुटेन. म्हणजे गहूच. नाही चालत." लो-कार्बच्या मांडणीवरचे पाच खोके सोलले गेले आणि पाचही नापास झाले. मग ती शेजारच्या मांडणीकडे वळली. तिथल्या पहिल्याच बिस्किटांवर स्टिकर नव्हतं. कुसुमनं वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. "टॅपिओका स्टार्च, म्हणजे साबुदाणाच तो. बटाट्याचं पीठ. खजूर. मध. अहो, हे तर सगळं चालतं."

लो-कार्बच्या मांडणीवर लो-कार्ब काहीच निघू नये आणि शेजारी सगळं निघावं, याचं दुसऱ्या कोणाला नवल वाटलं असतं. तिरोडकरांना वाटलं नाही. खर्च एका खात्याच्या नावावर आणि माल दुसऱ्या खात्यात, हे त्यांनी नोकरीत इतक्या वेळा पकडलं होतं की त्यांनी नुसती मान डोलावली.

तेवढ्यात मागून एक हात त्यांच्या खांद्यावर पडला. माल लावणाऱ्या माणसानं एका म्हाताऱ्या हिंदी गृहस्थाला खोक्यांवरची स्टिकरं काढताना पाहिलं होतं, आणि मुदत संपल्याच्या तारखा बदलणारी टोळी सापडली असं त्याला वाटलं होतं. तिरोडकर म्हातारे नव्हते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. त्यांना मॅनेजरच्या, म्हणजे मुदीरच्या खोलीत नेलं. सिव्हिल आयडी मागितला. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांकडून कागद मागितले, त्यानं स्वतःचं कार्ड परक्या टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लेश?" मुदीरनं विचारलं. का?

तिरोडकरांनी इंग्रजीत ऑडिटचं तत्त्व समजावून सांगितलं. मूळ दस्तऐवज झाकला गेला असेल तर तपासनिसाचं कर्तव्य काय, याच्यावर ते बराच वेळ बोलले. मुदीरनं बलदियाला, म्हणजे म्युनिसिपालिटीला फोन करायला रिसीव्हर उचलला.

तेव्हा कुसुम पुढे झाली. "हजबंड," तिनं बोट दाखवलं. "शुगर. आय चेक."

मुदीरनं रिसीव्हर खाली ठेवला. त्याच्या आईलाही शुगर होती. हे कळल्यावर खोलीतली हवाच बदलली. चहा आला, बिनसाखरेचा. मुदीरनं ड्रॉवरमधून खजुराच्या बिस्किटांचा पुडा काढून कुसुमपुढे धरला. हे आईला द्यावं का? कुसुमनं मागची यादी वाचली. खजूर, बदाम, बटाट्याचं पीठ. "गुड," ती म्हणाली. मुदीरनं कार्ड परत केलं, पण सोललेले पाच खोके मात्र घ्यायला लावले. या मुदीरच्या आईचं पुढे काय झालं हे समजलं नाही. तिरोडकर मात्र नंतर बरेच महिने भाजी दुसऱ्या वस्तीतल्या जमियातून आणत, आणि खोके आधी विकत घेऊन मग घरी सोलत.

ते पाच खोके खालच्या मजल्यावर गेले. खाली तौफीक आणि असमा राहत. राजापूरकडची माणसं, दहा वर्षांचा शेजार. तौफीकचं राई नावाच्या भागातल्या गोदामांमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि साखर त्यालाही होती.

"हे आमच्यात चालत नाही गं," कुसुम म्हणाली. "तू बघ कोणाला देतेस तर."

"देत्येय कशाला?" असमा म्हणाली. "हा खाईल. ह्याला काय, समोर ठेवलं की खातो. पण वहिनी, मी एक विचारू? तुमच्या उपासाला खातात किती? आम्ही रोज्याला पाणीसुद्धा पीत नाही, नि तुमचा उपास लागला की माझ्या घरात तुपाचा वास येतो."

कुसुमला हे रुचलं नाही. पण असमा बोलायची, आणि मनात काही नसायचं.

घरात एकच विरोधी पक्ष होता. मुलगी तेजस्वी, बारावीत. जन्म कुवेतचा, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. तिनं बिस्किटांचा पुडा फिरवून तक्ता वाचला. "बाबा, धिस इज मोस्टली कार्ब्ज. लुक ॲट द नंबर."

"नंबर कोणी लिहिलाय?"

"द कंपनी."

"झालं तर मग. तुझ्या बापाला कंपनी शिकवू नकोस."

"बट बाबा..."

"जेव आधी," कुसुम म्हणाली, आणि तिच्या पानात राजगिऱ्याचा लाडू वाढला. तेजस्वीनं खांदे उडवले. तिच्याकडे पुरावा होता, पण आमच्या घरांत पुरावा पानात वाढलेल्या लाडवापुढे टिकत नाही.

हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं तर गोष्ट तिथेच आटोपली असती. पण परदेशात मराठी माणसाला साखर झाली की ती एकट्याला होत नाही. मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत तिरोडकरांनी खोक्यांविषयी दोन शब्द सांगितले, आणि तिथल्या निम्म्या पुरुषांनी खुर्च्या पुढे ओढल्या. दर दोघांमागे एकाला साखर होती आणि उरलेल्याला ती होणार होती. मग फोन सुरू झाले. अमक्या पिठात अरारूट आहे, चालेल? तमक्या बारमध्ये शेंगदाणे आणि मध आहे, चालेल? तिरोडकर रिसीव्हरवर तळहात ठेवत, स्वयंपाकघराकडे तोंड करून हळूच विचारत, आतून निकाल आला की घसा साफ करत आणि म्हणत, "माझ्या मते चालायला हरकत नाही."

माझ्या मते. कुसुमचं नाव त्यात कधी आलं नाही. मुद्दाम वगळलं असं नव्हे, पण ते आलं नाही खरं. तिरोडकरांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी स्वतःहून, हसतमुखानं काहीतरी विचारत होतं, आणि त्याची चटक लागली होती. ऑफिसात ज्यांना पाहून लोक उठून जात, त्यांना मंडळात पाहून लोक उठून जवळ येत. कुसुम स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. आपल्याला त्यांच्या डोळ्यांशी मतलब, श्रेयाशी नाही, असं ती स्वतःला बजावत होती.

आव्हान दिलं ते रुपालीनं. ती लातूरकडची, नवरा बँकेत, आणि त्यालाही साखर. तिचं म्हणणं, जिरं चालतं. कुसुमच्या माहेरी उपासाला जिरं चालत नव्हतं, म्हणून तिरोडकरांनी जिऱ्याचे लो-कार्ब क्रॅकर्स नापास केले होते.

"आमच्याकडं जिरं चालतंय," रुपाली मंडळात सर्वांसमोर म्हणाली. "आजवर कुणाला काही झालं नाही."

"तुमच्याकडे कोथिंबीरही चालत असेल," तिरोडकर गंभीरपणे म्हणाले.

"चालतीयच की."

त्यानंतर महिनाभर कुवेतच्या मराठी साखरवाल्यांत दोन तट पडले होते, एक जिरं खाणारा आणि एक न खाणारा. साबुदाण्याच्या बाबतीत दोन्ही तटांचं एकमत होतं. बटाट्याविषयीही कोणाचीच तक्रार नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. श्रावण संपता संपता तिरोडकरांना तहान लागायला लागली. सारखी लागायची. ते म्हणाले, उन्हाळा आहे. मग दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले. ते म्हणाले, पोट हलकं आहे ना, म्हणून. मग एक दिवस खोक्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळली. त्यांनी खोका लांब धरला, जवळ धरला, खिडकीशी नेला. "हल्ली छपाईच निकृष्ट झालीय," असं म्हणून तो त्यांनी कुसुमच्या हातात दिला. कुसुमनं वाचून दाखवलं. तिला काही संशय आला नाही, कारण वाचायचं काम तसंही तीच करत होती.

पण त्यांना कळलं होतं. आकड्यांवर विश्वास नसलेल्या त्या माणसानं ऑफिसात एक लेजर उघडलं आणि त्याला तीन आणि आठ वेगळे दिसेनात. त्यांनी लेजर मिटलं आणि दार लावून घेतलं. घरी सांगावं असं वाटलं, आणि मग गाडीतलं कुसुमचं वाक्य आठवलं. सांगवेना. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि संध्याकाळी थालीपिठाची आणखी एक चवड संपवली.

मग एका सकाळी ऑफिसला जाताना हायवेवरची पाटी दिसली नाही. म्हणजे पाटी होती, हिरवी होती, पण तिच्यावर काय लिहिलंय ते पाटीखाली येईपर्यंत कळलं नाही, आणि तोवर फाटा मागे गेला होता. पुढच्या पाटीचंही तेच. वळत वळत ते राईच्या गोदामांत जाऊन पोचले. ट्रक, गॅरेजं, टायरांचे ढीग; कुठून आलो आणि कुठे निघायचं काही कळेना. शर्ट घामानं भिजला होता. शेवटी गाडी कडेला लावून त्यांनी मोबाइलवर तौफीकला फोन केला. नंबर पाठ होता म्हणून लागला.

तौफीक दुकानातून चालत आला. तो पाचच मिनिटांच्या अंतरावर होता. खिडकीत वाकून त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दत्ताभाऊ, मी समोरून हात करीत होतो. तुम्ही बघीत होता नि दिसत नव्हतो?"

"ऊन फार आहे."

"ऊन मलापण हाय. डोळे दाखवा, भाऊ."

"कुसुमला सांगू नकोस."

"नाय सांगत," तौफीक म्हणाला आणि स्वतः गाडी चालवत त्यांना ऑफिसात सोडून आला. तो शब्दाचा पक्का होता. त्यानं कुसुमला अजिबात सांगितलं नाही. त्यानं असमाला सांगितलं. दुपारच्या जेवणाआधी कुसुमनं तिरोडकरांच्या ऑफिसात फोन करून त्यांना घरी बोलावून घेतलं होतं, आणि दारात ती पर्स घेऊन उभी होती. नुसती म्हणाली, "गाडी तौफीकभाऊ चालवतील. चला."

दवाखान्यात आदल्या आठवड्यातच तपासणीसाठी रक्त देऊन झालं होतं. बाहेरच्या बाकांवर मंडळातलेच चेहरे बसले होते. रुपाली आणि तिचा नवरा होता, जिरं न खाणाऱ्या तटाचे दोघं होते. सगळे जरा मलूल दिसत होते आणि सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. तौफीकलाही आज त्याचा रिपोर्ट घ्यायचाच होता, म्हणून तो मागोमाग आत आला.

डॉक्टरीणबाईंनी तिरोडकरांचा कागद पाहिला. मग बाजूची कागदांची चळत पाहिली. मग तिरोडकरांकडे पाहिलं.

"मला एक सांगा. तुमच्या लोकांचा या दिवसांत काही मोठा सण असतो का? गोडधोड खाण्याचा?"

"उलट," तिरोडकर म्हणाले, "आमचे हे उपासाचे दिवस."

"मग तुमच्या मंडळींची साखर एकदम वर कशी गेली? सगळ्यांची. एक हा सोडून." त्यांनी तौफीककडे पेन रोखलं. "याची छान उतरलीय. तू काय खातोस?"

तौफीक गडबडला. त्यानं हिंदीत सांगितलं, "मॅडम, वो... ये लोग जो रिजेक्ट करते हैं ना, वही मैं खाता हूँ."

डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा विचारलं, आणि त्यानं या वेळी मोडक्या अरबीत पुन्हा तेच सांगितलं. सोयाबीनची शेवई, ग्लुटेनचा पाव. तिरोडकरांच्या घरून दर आठवड्याला जे जे नापास होऊन खाली यायचं ते ते. मग बाईंनी तिरोडकरांना विचारलं की ते काय खातात. तिरोडकरांनी सांगितलं. साबुदाणा म्हणजे काय ते समजावलं, रताळं, राजगिरा, टॅपिओकाची बिस्किटं, खजूर, बटाटा. आधी आवाजात थोडा अभिमान होता. बटाट्यापर्यंत येता येता तो राहिला नव्हता, कारण डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं आणि डाव्या हाताचं करंगळीचं बोट त्यांनी वर धरलं होतं.

"हे बोट," त्या म्हणाल्या, "माझ्याकडून तुम्हाला सांगायचं राहिलं. ही माझी चूक. पण बाकीचं? हा सगळा पिठूळ स्टार्च आहे. हे म्हणजे तीन महिने चमच्यानं साखर खाल्ल्यासारखं आहे. खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. तुम्ही तो वाचला नाहीत?"

तिरोडकरांनी या वेळी व्हाउचर मागितलं नाही.

"कोणी ठरवलं हे खायचं?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर रुपाली उठून उभी राहिलेली दिसत होती. तिरोडकरांनी शेजारी पाहिलं. कुसुमचा चेहरा पांढरा पडला होता. तिचे ओठ हलले, आणि ती काय म्हणणार हे त्यांना कळलं. आयुष्यात इतक्या लोकांच्या चुका त्यांनी शोधून काढल्या होत्या, इतक्यांच्या नावापुढे खूण केली होती. इथे तर शोधायचीही गरज नव्हती.

"मी," तिरोडकर म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले, बाहेर ऐकू जाईल असं. "मीच सगळ्यांना सांगितलं. फोन माझ्याकडेच यायचे."

डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. शिकलेल्या माणसाच्या शहाणपणाविषयी बोलल्या, मग आणखी तपासण्या लिहून देताना बोलल्या, मग डोळ्यांत प्रकाश टाकून पाहताना बोलल्या. एवढं ऐकून घेण्याची तिरोडकरांना सवय नव्हती, पण त्यांनी ऐकलं. शेवटी बाईंचा आवाज उतरला. आतला पडदा अजून शाबूत आहे, त्या म्हणाल्या. हे धूसर दिसणं साखरेच्या चढण्यानं आहे, साखर उतरली की जाईल. पण आता गोळ्यांनी भागणार नाही. इन्सुलिन, आजपासून. नर्सनं दोघांना सुई कशी धरायची ते दाखवलं. तिरोडकरांनी त्या वेळी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर पाहून घेतलं.

बाहेर बाकावरून उठत रुपालीचा नवरा फक्त म्हणाला, "जिऱ्याचा प्रश्न मिटला म्हणायचा."

येताना तौफीक गाडी चालवत होता. मागच्या सीटवर कुसुमनं इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मोकळं केलं. "माझ्या हातानं घातलं मी तुम्हाला," ती म्हणत होती. "रोज विचारून विचारून वाढलं. वडिलांना झालं ते देवानं केलं. तुम्हाला मी केलं."

सांत्वन करणं तिरोडकरांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी बराच विचार केला आणि जे येत होतं तेच काढलं. "हे बघ, याला चूक म्हणतात. अफरातफर वेगळी. अफरातफरीत हेतू लागतो. तुझा हेतू काय होता ते सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना कुठे माहीत आहे? सगळ्यांना तुम्हीच सांगत होतात ना, माझ्या मते, माझ्या मते." तिनं पदरानं नाक पुसलं. "इतके दिवस मला ते ऐकून राग येत होता. आज पहिल्यांदा बरं वाटलं."

पुढे बसलेल्या तौफीकनं आरसा थोडा वर फिरवला, मागचं दिसू नये म्हणून.

घरी तेजस्वीनं इन्सुलिनची डबी उघडून त्यातला कागद वाचला, आणि पहिल्यांदाच कोणी तिला मध्ये थांबवलं नाही. किती घ्यायचं तो आकडा तिनं मोठ्यानं सांगितला. तिरोडकरांनी तो विनातक्रार मान्य केला. मग ते बेडरूममध्ये खाटेच्या कडेला बसले आणि बनियन वर केला. कपाळावर घाम आला होता. पाय हलत होते, ते त्यांनी एकमेकांत अडकवले.

कुसुमनं सुई हातात घेतली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डोळे मिटा," ती हळूच म्हणाली. "लागणार नाही."

तिरोडकरांनी मान हलवली.

"नको. डोळ्यांसाठीच चाललंय ना सगळं," ते म्हणाले. "उघडे राहू दे. मला तू दिसतेयस."